मला वजा करून दुकानाचा भाव

आमच्या पाटीवर ‘हीटिंग अँड कूलिंग’ लिहिलंय. त्यातलं हीटिंगचं काम भिवंडीत सूर्य फुकटात करतो, त्यामुळे आमच्या वाट्याला आलं ते कूलिंग. तेही सोपं नाही. इथल्या हवेत निम्मं पाणी आणि निम्मा सुताचा भुगा. लूमवरून उडालेले तंतू एसीच्या जाळीत असे घट्ट बसतात की नारपोलीतल्या एका जाळीतून मी एकदा अख्खी गोधडी बाहेर काढली. टाके तेवढे बायकोने घातले.

गेल्या उन्हाळ्यात मी चौथ्या मजल्यावरून पडलो. बायको म्हणते, शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून. मजला कुठलाही असो, कंबर एकच होती, ती धरली. त्याच संध्याकाळी तिने फर्मान काढलं, दुकान विका आणि गणेशपुरीला दोन खोल्या घ्या. ठाण्याची एक कंपनी दुकान घ्यायला तयारही झाली. आमचे दोन्ही मेकॅनिक ती कामावर ठेवणार होती. फक्त आधी त्यांचा माणूस येऊन धंद्याची किंमत काढणार होता. भाव चांगला आला तर गणेशपुरी, नाही तर मी परत शिडीवर, असा सरळ हिशेब होता.

तो माणूस आला. चष्मा, लॅपटॉप, पूर्ण बाह्यांचा शर्ट. बसल्याबसल्या त्याने विचारलं, धंदा नेमका कोणाच्या जिवावर चालतो? हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी जन्मभर थांबलो होतो. नाश्त्यापासून जेवणापर्यंत मी उत्तर दिलं. मी हात लावल्याशिवाय भिवंडीत एकही कॉम्प्रेसर सुरू होत नाही, हे सांगितलं. अंजूरच्या गोदामात मी असा गारवा केला की वॉचमन भर मे महिन्यात शेकोटी पेटवून बसला, हे सांगितलं. शेकोटीत भाजलेला कांदा मी स्वतः खाल्ला, हा पुरावाही दिला. गिऱ्हाइकाची नुसती शिंक ऐकून त्याच्या एसीत गॅस किती उरलाय ते मी ओळखतो, हेही सोडलं नाही.

त्याने चष्मा पुसला. “म्हणजे काका, तुम्ही गेलात की धंदा संपला.”

“अगदी बरोबर,” मी छाती काढून म्हणालो.

चहा घेऊन आलेली बायको दारातच थांबली. मग त्या गृहस्थाने शांतपणे समजावलं की कंपनी दुकान विकत घेणार, मला नाही. जे जे माझ्यामुळे चालतं ते सगळं किमतीतून वजा होणार. खाली उरलं काय, तर शिडी, गॅस भरायची नळी आणि जुनी स्कूटर. त्याने सांगितलेल्या भावात गणेशपुरीची न्हाणीसुद्धा आली नसती. सकाळभर एकेक थाप रचून मी स्वतःचाच भाव पाडला होता.

बायकोने ट्रे खाली ठेवला. “यांचं निम्मं बोलणं सोडून द्या,” ती म्हणाली. “कुठलं निम्मं, ते यांनाही ठाऊक नसतं.” मग तिनेच तोड काढली. आठवडाभर मी गावाबाहेर राहायचं, फोन दुकानात ठेवायचा, आणि साहेबांनी तिथे बसून काय होतं ते डोळ्यांनी बघायचं. साहेब कबूल झाले.

जन्मभर लोकांना गारवा दिलेला मी, गणेशपुरीच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बसलो. मनात दोन माणसं भांडत होती. एकाला वाटे, सगळं सुरळीत चालू दे, घर मिळू दे. दुसऱ्याला वाटे, भिवंडी पेटली असेल, लूमवाले बनियनवर रस्त्यात आले असतील, आता एसटी भरून मला न्यायला येतील. भिवंडीची प्रत्येक गाडी मी तपासली. उतरले ते फक्त भाविक.

परतलो तर मेकॅनिक निवांत बसलेले. मला दिवस पुरत नसे तेवढं काम ते जेवणाच्या आत उरकत होते. काम तेवढंच होतं, मधल्या माझ्या गोष्टी तेवढ्या गळल्या होत्या. शेवटची आशा म्हणून मी नारपोलीच्या शेठला फोन लावला. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, हा तरी रडेल.

“मशीन मस्त थंड हाय,” शेठ म्हणाला. “पन तुझा मानूस आला, जाळी धुतली नि गेला. बसला न्हाय, चाय न्हाय घेतली. बीमार हाय का तो?”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नवा भाव सांगितला. त्यात दोन खोल्या आल्या, वर बाल्कनी. मग त्यांनी अहवाल वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती, ‘धंदा मालकावर अवलंबून नाही.’

मी त्या ओळीवर बोट टेकवलं. मी म्हटलं, साहेब, तिथे ‘थोडासा अवलंबून आहे’ एवढं लिहाल का?

“लिहीन की, काका. पण बाल्कनी जाईल.”

मी बायकोकडे पाहिलं. तिने पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

“बाल्कनीत बसून काय सांगायचं ते सांगा,” ती म्हणाली. “समोरून गणेशपुरीला येणारी प्रत्येक एसटी जाते.”

मी सही केली. जरा मोठीच केली.