देवाच्या पट्टीला चाक नको

मिस्त्रींच्या डाव्या हाताची तर्जनी स्पिंडल मशीननं नेली, तेव्हा मी जालन्याला कॉलेजात पेपर तपासत होतो. बदनापूरला आमचा चौकटी-दारांचा कारखाना आहे. वडिलांनी तो वाकस, रंधा अशा हातहत्यारांवर उभा केला, धाकट्या भावानं मशीनवर आणला. मी शिकलो आणि कामातून गेलो. मिस्त्री वडिलांच्या हाताखाली तयार झालेले, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. तीन आठवड्यांनी हाताला पट्टी बांधून ते कामावर आले आणि म्हणाले, "नऊ राह्यलेत. निघंल की जिंदगी."

त्यांच्या बायकोला तसं वाटलं नाही. ती कारखान्याच्या दारात उभी राहून माझ्या भावाला म्हणाली, "भाऊ, ह्या माणसाला दुसरं काई येत न्हाई. हात हायेत तवर घर हाये. आता एक जरी बोट गेलं तर मी हितंच येऊन बसंन."

त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. "दादा, फीडर घ्यायचाय. कंपन्या लई हायेत, सगळे आपलंच भारी म्हणून राह्यले. तू इंग्रजी वाचून सांग."

स्पिंडल मशीन म्हणजे लोखंडी टेबलाच्या मधोमध उभं फिरणारं पातं. लाकूड हातानं दाबून त्याच्यासमोरून सरकवायचं, म्हणजे खाच पडते. फीडर म्हणजे त्याच टेबलावर दांड्याला लटकवलेली मोटर आणि तिच्याखाली रबरी चाकं. चाकं लाकूड दाबून धरतात आणि पुढं ढकलतात, त्यामुळं हात लांब राहतो. यंत्राचं काम एवढंच आहे, पण माहितीपत्रकं वाचली तर माणसानं आजवर केलेली सगळी प्रगती या चाकांपाशी येऊन थांबली आहे असं वाटतं.

मी महिनाभर वाचलं. एका माहितीपत्रकात सुटातला गोरा माणूस फीडरवर हात ठेवून क्षितिजाकडं पाहत होता. बाजारात तीन जातींचा माल होता. सगळ्यात स्वस्त होता त्याचा दांडा हलक्या ओतकामाचा. जोर आला की तो नम्र होऊन मागं सरायचा. मधला तैवानचा, दिसायला ओबडधोबड, पण गिअर घट्ट आणि चाकं वेगळी विकत मिळणारी. तिसऱ्यावर 'जर्मन तंत्रज्ञान' असं लिहिलेलं होतं. संभाजीनगरच्या विक्रेत्याकडं तो पाहायला गेलो, तर त्यावर चिकटवलेल्या नावाच्या चकचकीत कागदाचं एक टोक सुटलेलं होतं आणि खाली दुसऱ्याच देशाचं नाव दिसत होतं. मी बोट दाखवल्यावर विक्रेता म्हणाला, "सर, आतून जर्मनच आहे."

त्यानं पाइनची सरळसोट फळी घालून तिन्ही चालवून दाखवले. तिन्ही लोण्यासारखे चालले. मिस्त्री सोबत होते. त्यांनी पिशवीतून बाभळीचा वाकडा, गाठाळ दांडा काढला.

"आता हे घाला."

"काका, असं लाकूड कोण वापरतं?"

"आमच्याकडं सरळ झाड जन्मालाच येत न्हाई, साहेब. माणसाचं तर सोडूनच द्या."

बाभळीच्या गाठीवर स्वस्त फीडर थांबला आणि घुर्रर्र करत राहिला. जर्मन आत्म्याच्या फीडरची चाकं जागेवरच फिरून रबराचा काळा चुरा सांडू लागली. तैवानच्यानं गाठ ओलांडली; आवाज केला, पण ओलांडली. मिस्त्रींनी चाकाच्या रबरात नख रुतवून पाहिलं, फीडरचा दांडा धरून जोरानं हलवला आणि माझ्याकडं पाहून मान डोलावली. माझ्या महिनाभराच्या वाचनाचा निष्कर्षही तोच होता. तो त्यांनी पंधरा मिनिटांत काढला, हे मी तेव्हा मोठ्यानं म्हणालो नाही.

फीडर आला. भावानं उद्घाटन ठेवलं. तालुक्याचे एक पुढारी दोन तास उशिरा आले, नारळ मशीनच्या टेबलावरच फोडायला निघाले, मिस्त्रींनी त्यांचा हात धरून जमिनीकडं वळवला. पुढाऱ्यांनी भाषणात फीडरला तीनदा 'फिल्टर' म्हटलं आणि मराठवाड्याचा अनुशेष यानं भरून निघेल असं सांगितलं. मग बटण दाबलं. वीज नव्हती. टाळ्या मात्र झाल्या.

त्यानंतरचे सात-आठ महिने चांगले गेले असं म्हणायला हरकत नाही. लांब दांडे एका बाजूनं घातले की दुसऱ्या बाजूनं खाच पडून निघायचे. व्होल्टेज उतरलं की फीडर मंदावायचा, मिस्त्री त्याला "चल गं म्हशी" म्हणून शिव्या घालायचे. त्यांची बायको एकदा डबा घेऊन आली, तेव्हा त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधून तिला लाकूड सरकताना दाखवलं. ती हसली नाही. "असंच ऱ्हाऊ द्या हात," एवढंच म्हणाली.

चौकटीला वर मधोमध गणेशपट्टी असते. वीतभर-दीड वीत लांबीचा तुकडा. त्याला कडेनं नक्षी काढायची आणि मधे गणपती बसवायचा. आमच्या वडिलांची रीत होती की तो तुकडा कामाला घेतला की खाली ठेवायचा नाही, ओलांडायचा नाही, त्याला पाय लागू द्यायचा नाही. वाकसाच्या काळात ही रीत निरुपद्रवी होती. फीडर आल्यावर मिस्त्रींनी ती आपल्या बुद्धीनं पुढं वाढवली: पट्टीवर चाक फिरवायचं नाही. चाक म्हणजे पायच. बाकी सगळं लाकूड फीडरखाली जायचं. गणेशपट्टी आली की ते दांड्याचा बोल्ट सैल करून फीडर बाजूला फिरवायचे, पट्टी कपाळाला लावायचे आणि हातानं पात्यासमोर धरायचे.

लांब दांडा हातानं सरकवला तर हात पात्यापासून दूर राहू शकतो. वीतभर तुकडा धरायचा तर हात पात्यापाशीच जातो. म्हणजे ज्या एका तुकड्यासाठी फीडर खरोखर हवा होता, नेमका तोच आम्ही वगळला होता.

हे मला माहीत होतं. एका रविवारी मी डोळ्यांनी पाहिलं आणि बोललोही.

"मिस्त्री, हिला तरी चाकाखाली घाला. नाहीतर लाकडी दट्ट्यानं ढकला."

"मास्तर, देवाला दट्ट्या लावता? तुमच्या बापानं कानफाडलं असतं."

"बापाच्या वेळी पातं फिरत नव्हतं."

"मंग बाप न्हाई ना आता. तुम्ही कॉलेजात शिकवा. देव आमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

भाऊ हसला. मीही हसलो. देवाधर्माच्या बाबतीत मी कोणाशी वाद घालत नाही, हा माझा सभ्यपणा. तो मला आयुष्यभर सोयीचा पडलेला आहे. त्या दिवशीही पडला.

दिवाळीच्या आधी चौकटींना घाई असते. दुपारी जेवण करून मिस्त्रींनी पट्टी कपाळाला लावली आणि धरली. लाकडात गाठ होती. गाठीवर पातं आपटलं, तुकडा उडाला आणि उजवा हात होता त्याच वेगानं पुढं गेला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. फीडर हातभर अंतरावर, तोंड भिंतीकडं करून उभा होता. तो बंद होता आणि त्याच्यात कसलाही दोष नव्हता.

जालन्याच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं, संभाजीनगरच्यांनी हातात काही उरलेलं नाही असं समजुतीच्या स्वरात सांगितलं. मिस्त्रींची बायको कारखान्यात येऊन बसली नाही. भाऊ रोज दाराकडं बघायचा. ती आली असती, बोलली असती, तर बरं झालं असतं असं तो मला म्हणाला. गणेशपट्ट्या आता जालन्यातून कोरून तयार मिळतात. त्या लाकडाच्याही नसतात.

गेल्या महिन्यात मिस्त्रींना भेटायला घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. त्यांची बायको दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला गेली होती. बराच वेळ आम्ही पावसापाण्याचं बोललो. मी मान खाली घालूनच म्हणालो, "मी त्या दिवशी अजून भांडायला पाहिजे होतं."

"भांडला असता तरी म्या ऐकलं नसतं."

"तरी."

"तरीबिरी काई न्हाई." मग त्यांनी डाव्या हातानं खिशातून पुडी आणि चुन्याची डबी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "तंबाखू मळता येती का, मास्तर? पोरं कामाला गेली की दिवसभर कोणी मळून द्यायला न्हाई. अंगठा लागतो त्याला."

मी कधी तंबाखू खाल्ली नाही. तळहातावर घेतली, चुना लावला, त्यांनी सांगितलं तसं अंगठ्यानं रगडत राहिलो. अर्धी खाली सांडली. उरलेली त्यांनी ओठाखाली धरली, थोडा वेळ थांबले आणि ओट्याच्या कडेला जाऊन थुंकून आले.

"चुना लई झाला," ते म्हणाले. "पुन्हा मळा."