सबनीसांची झालर

प्रबोध सबनीस परदेशात, ईस्ट कोस्ट नावाच्या समुद्राकाठच्या भागात, एका कॉन्डोत चौथ्या मजल्यावर राहतात. बँकेत ऑडिटर, लोकांच्या चुका शोधणं हेच काम. स्वतःच्या हातून एकच झाली, तीही मोजूनमापून.

त्यांच्या बाल्कनीसमोर एक जुना बंगला होता. छपराच्या कडेला लाकडी झालर: कोरीव फळी आणि खाली ओळीने लोंबणारी टोकं. सबनीस रोज चहा घेऊन तीच बघत. नीलिमावहिनी म्हणत, "लोक इथे समुद्र बघायला येतात, आमचे हे सुतारकाम बघतात!"

पाहुणा तावडीत सापडला की सबनीस सुरू. "व्हिक्टोरिया राणीच्या काळात वाफेच्या करवती आल्या आणि साध्यासुध्या घरालाही लाकडाची लेस परवडायला लागली. ती फॅशन इथे आली, पण इथल्या पावसाने तिला कामाला जुंपलं. फळी वाशांची डोकी झाकते आणि पाणी या टोकांवरून ठिबकतं, भिंतीला लागत नाही. नुसती शोभा नव्हे हो, नोकरी करते ती!"

पाहुणे घड्याळाकडे बघत.

मार्चमध्ये बंगल्याभोवती पत्रे उभे राहिले. नव्या मालकाला तिथे नवं घर हवं होतं. बंगला पाडू नका म्हणून सबनीसांनी दोन ठिकाणी ईमेल धाडली. दोन्हीकडून अतिशय नम्र नकार आला. शेवटी ते पाडकामाच्या फोरमनलाच गाठायला गेले.

"तुकडा पाहिजे, अंकल? माप पाठवा," मिस्टर टॅन म्हणाला.

वहिनींची अट एकच: देवघराच्या वर मावेल तेवढाच. ऑडिटरच तो! जागा तीनदा मोजली. लांबी नव्वद सेंटिमीटर, उंची पंधरा. कागदावर खाली सही ठोकून फोटो पाठवला.

शुक्रवारी टॅन स्वतः फळी घेऊन आला. घासलेली, पॉलिश केलेली. टोकं गायब.

"पंधरा, करेक्ट? टोकं जास्त होत होती, कापली. शार्पपण होती, लाह," तो इथल्या बोलीचं शेपूट लावत म्हणाला.

"आणि बाकीची झालर?"

"लॉरी सकाळीच गेली."

सबनीस "थँक यू" म्हणाले. चिडणार कुणावर? सही त्यांचीच.

"अहो, देवांवर कुठे पाऊस पडतोय?" वहिनी म्हणाल्या. "टोकांवाचून काय अडलंय?"

दुपारी सर आली. समोर छप्पर उरलंच नव्हतं. पाणी सरळ भिंतीवरून उतरत होतं. आत येऊन सबनीसांनी फळीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. कड अगदी सरळ होती. त्यांनी टेप लावून पाहिली.

पंधरा.