मोरीतल्या कोपऱ्यातली आई

पाठीचा कणा नसलेल्या जीवांच्या प्रजननावरची फोटोस्पर्धा होती, भाचीच्या कॉलेजात. तिच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं. कोळ्याची मादी तोंडात अंड्यांचा घोस धरून बसलेली, आणि एकेका अंड्यात डोळ्यांचे काळे ठिपके. पिल्लं बाहेर येईपर्यंत ती काही खात नाही, असं खाली लिहिलं होतं.

“मावशी, ओळखलंस का? तुझ्याच मोरीतली आहे.”

दिवाळीच्या सफाईत ते जाळं मीच कुंच्याने काढलं होतं. ती पळू शकली असती, पण तोंडातलं तिनं सोडलं नाही; जाळ्याबरोबर तीही केरात गेली. कोपरा स्वच्छ झाला म्हणून मला किती बरं वाटलं होतं.

“पिल्लं केवढी झाली असतील गं आता?”

“झाली असतील मोठी,” मी म्हणाले. फोटोतल्या त्या इवल्या डोळ्यांदेखत.