पिशवीतला शर्ट

माझी मावशी लॉन्ड्रीत कपड्यांवरचे डाग काढते. दिवसभर लोकांचा घाम, तेल, अत्तर घासून घालवायचं आणि जेवणाच्या सुट्टीत लांडग्यांच्या प्रेमकथा वाचायच्या, हा तिचा क्रम. त्या गोष्टींत माणसाचा लांडगा होतो आणि हजारोंच्या गर्दीत आपली जोडीदारीण तो नुसत्या वासावरून ओळखतो.

"माणसाचा लांडगा होतो, त्यात काय एवढं?" ती म्हणायची. "आमचा मालक रजा मागितली की होतो. वासाचं मात्र अगदी खरं आहे हं!"

काका वारले आणि मावशी एकटी पडली. मी चार दिवस मदतीला गेले, तर कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेला काकांचा मळका शर्ट सापडला. जगाचे कपडे धुणारीच्या घरात ही घाण! मी तो भिजवला, तिनेच शिकवल्याप्रमाणे कॉलर घासली आणि कडक इस्त्री केली.

संध्याकाळी मावशीने शर्ट हातात घेतला, नाकाशी नेला आणि पुन्हा पुन्हा हुंगला. मग कॉलर उलटून उजेडात धरली.

"छान निघालाय," ती म्हणाली. "कुठे काही राहिलं नाही."

आताशा जेवणाच्या सुट्टीत ती नुसती जेवते.