यान्बूची पंपखोली

लेआचा फोन आला आणि मी इथल्या, सौदीतल्या यान्बूला जायचं ठरवलं. लेआ माझ्या ब्लॉगची वाचक, अलिबागची, बेने इस्रायली. तिचे वडील एझ्राभाऊ आखाती युद्धाच्या वेळी यान्बूच्या एका कामगार कॅम्पात फिटर होते. ज्यू असल्याचं कळलं असतं तर नोकरी गेली असतीच, पुढचं कोण सांगणार? म्हणून एजंटाने त्यांना ख्रिश्चन म्हणून धाडलं होतं. त्याच युद्धात इराकची क्षेपणास्त्रं तेल अवीववर पडत होती आणि तिथे भाऊंची बहीण राहत होती. ‘मी जगले की मेले, भावाने विचारलंसुद्धा नाही,’ असं ती अजून म्हणते. गेल्या वर्षी भाऊ वारले. आत्याही थकली आहे.

“काका, बाबा तेव्हा तिथे काय करत होते, बघून याल?” लेआ म्हणाली. “आत्याला सांगण्यासारखं काहीतरी हवंय.”

मी दहावीनंतर थेट एसीच्या कामाला लागलो. इतिहास माझा मीच वाचून शिकलो, म्हणून ऐकीव गोष्ट जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय ब्लॉगवर टाकत नाही. इथली नावं मात्र बदलली आहेत.

शुक्रवारी पहाटे जेद्दातल्या अल अझीझियाहून गाडी काढली. साडेतीन-चार तासांचा सरळ रस्ता, कॅमेरे भरपूर, वेग सांभाळा. वाटेत राबिगला फूल, म्हणजे बाकल्याची अरबी उसळ, आणि गरम तमीस रोटी खाऊन घ्या, स्वस्तात पोट भरतं. पुढे डाव्या हाताला अधूनमधून समुद्र दिसत राहतो आणि वारा गाडीला ढकलत राहतो.

लेआकडे एकच धागा होता, भाऊंचे खोलीतले सोबती, श्रीवर्धनचे हुसेनचाचा. यान्बूच्या जुन्या बाजारातल्या कोकणी खानावळीत (सुरमई चुकवू नका) त्यांचा पत्ता मिळाला. मुलाच्या गॅरेजबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी भाऊंचं नाव काढलं.

“एझ्राचा काय?” त्यांनी मला खालून वर पाहिलं. “तू पोलीस हायस काय?”

“एसीवाला.”

“मग बस.”

चहा झाल्यावर ते स्वतःच गाडीत येऊन बसले. कॅम्प गावाबाहेर होता. मेसचा नुसता चौथरा उरलाय, पण त्यामागची पंपखोली उभी आहे. टेप लावून पाहिली, एक माणूस जेमतेम मांडी घालेल एवढी.

“हितं बसायचा,” चाचा म्हणाले. “कानाला रेडिओ. बातम्या ऐकायचा, मग त्याच्या धर्माची प्रार्थना करायचा. मोठ्याने.”

“आणि कोणाला ऐकू जायचं नाही?”

“पंप चालू असायचा ना.”

मला पटेना. “चाचा, हा प्रेशरचा पंप. नळ बंद झाले की आपोआप थांबतो.”

चाचा थोडे लाजले. त्यांनी मला भिंतीच्या मागे नेलं. तिथे वझूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या नळांची गंजलेली टोकं ओळीने बाहेर आलेली होती. “मी हे नळ सोडून धूत बसायचो. पोरं म्हनायची, हुसेन, किती धुतोस, कातडी निघंल. वझूत पानी वाया घालवू नये, ठाव हाय मला. अल्लाला सांगून ठेवलेलं, ह्याचा जाब मला इचार, त्याला नको.”

एका संध्याकाळी टाकीच रिकामी झाली. पंप थांबला आणि जेवणाच्या रांगेतल्या सगळ्यांना आतून स्पष्ट ऐकू आलं, मिरियम, मिरियम. माणसं थबकली. चाचा ओरडले, “बायकोची आठवन येते बिचाऱ्याला, बघता काय?” सगळे हसले. त्यानंतर वर्षभर कॅम्प भाऊंना मिरियमवरून चिडवत होता, आणि भाऊ मान खाली घालून हसायचे.

भाऊंच्या बायकोचं नाव सारा. मिरियम म्हणजे आत्या.

चाचांना तेच सगळं पुन्हा बोलायला लावलं, फोनमध्ये रेकॉर्ड केलं, आणि रात्री जेद्दाला घरी पोहोचल्यावर लेआला पाठवलं. सोबत खोलीचे फोटो, मापांसकट. इतक्या काटेकोरपणे ही जागा आजवर कोणी नोंदवलेली नसणार, असं मला वाटत होतं.

आत्याने फोटो पाहिलेच नाहीत. रेकॉर्डिंग तेवढं पुन्हापुन्हा लावायला सांगितलं. मग लेआमार्फत तिचा प्रश्न आला, “अगो, जानेवारीचा महिना होता. त्या हुसेनचे हात गारठत नव्हते का?”

चाचांना फोन लावला.

त्यांनी प्रश्न पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, “तिला सांग, पानी कोमट होता.”

टाकी उघड्यावर, वारा समुद्राचा, वेळ संध्याकाळची. पाणी कोमट असणं शक्य नाही. मी लेआला कळवलं, कोमट होतं.