शिंदीखालची पेटी

घरातल्या कोणाच्याही कानावर मी हे कधी घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही — ते गेले, त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मुलांच्या नाही. रोज देवापुढे बसते, सगळं बोलते, पण या गोष्टीपाशी आले की जीभ अडते. जसं काही मी सांगितलं नाही तर देवाला कळणारच नाही! तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुमच्यापुढे बसले आहे.

भिते मी. अजून भिते. कोणाला, म्हणाल — ज्यांना भ्यायचं ती माणसं तर एकेक करून गेली. तरी भिते.

पुस्तकापासून सुरू करते. तिथून सोपं जाईल.

माझे वडील नंदुरबारला मास्तर. घरात पुस्तकं, बोलणंही पुस्तकी. मी मराठी सहावी झाले आणि सतराव्या वर्षी रनाळ्याला शेतकऱ्याच्या घरात दिली गेले. दुसरी लढाई तेव्हा लागायची होती. पेटीत लुगड्यांखाली मी वडिलांचं एक पुस्तक लपवून नेलं होतं. पुठ्ठा गेलेला, नावाचं पान गेलेलं. समुद्रातल्या एका बेटावर पुरलेल्या खजिन्याची गोष्ट. एका विधवेचा मुलगा, हरणाच्या कातड्यावरचा नकाशा, आणि गलबतावरचा एक सहा बोटांचा दुष्ट तांडेल. लग्नाआधी मी ते चार वेळा वाचलं होतं, आणि चारही वेळा एकाच जागी थांबले होते. कारण त्यापुढचं वाळवीने खाल्लं होतं. शेवटच्या पानावरची शेवटची ओळ अशी — कुदळ कशावर तरी ठण्णकन आदळली आणि. बस, 'आणि'वर संपलं.

हे, म्हणजे पुढची पानं नाहीत हे, मी सासरी कोणाला सांगितलं नाही. इथूनच सगळं बिघडलं असं म्हणू का? नको. पानांवर ढकलायला नको.

चैत्र-वैशाखात आमच्याकडे पेरणीच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम असे. बियाण्याच्या शेंगा हातानेच फोडाव्या लागतात. दाण्याची लाल साल निघाली की तो उगवत नाही. दुपारी जेवणं आटोपली की गल्लीतल्या दहाबारा बाया आमच्या पडवीत जमायच्या. एके दिवशी माझ्या थोरल्या जावेने माझ्या पेटीत ते पुस्तक पाहिलं. मथुराबाई तिचं नाव. माझ्याहून सहासात वर्षांनी मोठी, हाडापेराने दणकट, हसली की शेजारच्या घरात ऐकू जायचं. मी नवी होते तेव्हा माझ्या हातून दुधाचं भगोणं लवंडलं होतं. आत्याबाई — आमच्या सासूबाई — आल्या तशी ही पुढे होऊन म्हणाली, माझ्या हातून लवंडलं. शिव्या खाल्ल्या आणि मागे वळून मला डोळा मारला. अशी.

तिने पुस्तक बाहेर आणलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं, धाकटी पोथी वाचणार.

पोथी! त्यांच्यापैकी एकीलाही अक्षर येत नव्हतं. छापलेलं, शिवलेलं, बाईने मांडी घालून वाचलेलं म्हणजे पोथीच. त्यांनी पाट मांडला, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, आणि एकीने तर त्या सहा बोटांच्या तांडेलाच्या गोष्टीपुढे गुळाचा खडा ठेवला. मला हसू आलं होतं. मी हसायला नको होतं, सांगायला हवं होतं. पण त्या पाटावर बसल्यावर आत्याबाईसुद्धा माझ्याशी हळू बोलायच्या, ते मला फार आवडलं.

मी एक ओळ पुस्तकी मराठीत वाचायची आणि मग अहिराणीत सांगायची. त्या दोहोंच्या मध्ये मी काय घालते, काय गाळते, हे कोणाला कळणार? समुद्र त्यांनी पाहिलेला नाही, म्हणून मी पुराची तापी सांगायची. ताडमाडाच्या जागी शिंदीची झाडं. शेंगा फोडता फोडता हात थांबायचे. तांडेलाला त्या बायांनी दिलेल्या शिव्या मी इथे सांगू शकत नाही. आणि मथुराबाई! तिला दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत धीरच निघायचा नाही. चुलीपाशी, आडावर, पीठ मळताना — 'पुढे काय व्हयनं? सांग ना वं!' एकदा तर तिने भाकरी करपवली आणि म्हणाली, तांडेलाने करपवली.

खजिना मिळाला तर तिला काय हवं होतं, सांगू? सोनं नाही. ती म्हणायची, 'आपुन दोन्ही गाडीमा बठीसन सुरतले जासूत. समुद्र देखसूत.' दोघी, बरं का. एकटी नाही.

शेंगांचा ढीग उतरत आला तशी पानंही सरत आली, आणि मला धास्ती वाटायला लागली. कारण पोथी अर्धी ठेवायची नसते. आमच्याकडे पोथीची समाप्ती केली नाही तर ते घरावर येतं असं मानत. नारळ आणून ठेवला होता, समाप्तीचा दिवस ठरला होता. पानं नाहीत असं कसं सांगू? दोन वर्षं झाली होती लग्नाला, मूल नव्हतं, आणि मी घरात अर्धी पोथी आणून ठेवली होती!

समाप्तीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघीच जात्यावर बसलो होतो. मथुराबाई म्हणाली, उद्यापर्यंत माझा जीव राहायचा नाही, शेवट मला आजच सांग. आणि मी सांगितला. सुचेल तसा सांगत गेले. म्हटलं, बेटावरचा खड्डा रिकामा निघाला. खरी पेटी म्हाताऱ्या नावाड्याने आधीच हलवली होती. होडीत घालून सुरतेवरून तापीतून वर आणली, आणि खानदेशातल्या एका गावाजवळ पिवळ्या मातीच्या कडेत, तीन शिंद्यांच्या खाली पुरली. ती तिथे अजून आहे.

मथुराबाईचं जातं थांबलं. कोणतं गाव, तिने विचारलं. मी म्हटलं, नाव पुसलंय.

आमच्या गावाबाहेर पिवळ्या मातीची खाण होती. पावसाळ्याआधी भिंती सारवायला सगळ्या बाया तिथूनच माती आणायच्या. खाणीच्या वरच्या कडेला तीन शिंद्या होत्या. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. म्हणूनच तर सुचलं. तिचे डोळे मोठे होत गेले, आणि मी ते बघत राहिले. एवढी ताकद माझ्या तोंडात आहे, याचं मला बरं वाटलं. गंमत आहे हो, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता?

दुपारी ती टोपली आणि कुदळ घेऊन मातीला गेली. त्यात नवल काही नव्हतं, सगळ्याच जायच्या. पण माती वरून खरवडून आणायची असते. ती मुळांखाली आत आत खणत गेली, आणि वरची कड तिच्यावर आली. जवळ मेंढ्या चारणारे होते म्हणून ती जिवंत निघाली. कमरेखाली मांडीचं हाड मोडलं होतं. बाजेवर घालून आणली तेव्हा शुद्धीवर होती, आणि एकच बोलत होती — पेटी तिथेच आहे, थोडंच राहिलं होतं, पोथीत लिहिलंय, धाकटीला विचारा.

धाकटीला विचारा. सगळी पडवी माझ्याकडे वळली. तेव्हा जी भीती माझ्या अंगात शिरली ती कशी सांगू? आत्याबाई पुढे आल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नारळाकडे बघून म्हणाल्या, 'उद्या पोथी पुरी कर. काय लिखेल शे ते समदासले आयकू दे.'

हाडवैद्याने पाय बांधला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाट मांडला. गल्ली लोटली होती, पुरुषही ओट्यावर बसले होते. मथुराबाईची बाज मुद्दाम पडवीत आणून ठेवली होती. मी पुस्तक उघडलं. 'कुदळ कशावर तरी ठण्णकन आदळली आणि' — हे वाचलं. पुढे कागद नव्हता.

मी वाचत राहिले. नसलेली पानं वाचली. पेटी बेटावरच सापडली, म्हटलं. तांडेल पाण्यात बुडाला. विधवेच्या मुलाने पेटी जहाजात घातली आणि तो आईकडे गेला. तापी नाही, खानदेश नाही, शिंद्या नाहीत. मध्येच एक म्हातारी म्हणाली, 'पान उलटाड ना वं पोर, कवयनं एकच पान चाली ऱ्हायनं.' पुढे उलटायला पान नव्हतं, म्हणून मी मागचं उलटलं. अक्षर कुणाला येत नव्हतं. डोळे मात्र सगळ्यांना होते — कोणी पाहिलं का? मला आजही ठाऊक नाही.

समाप्ती झाली. नारळ फुटला. तेव्हा मथुराबाई बाजेवरून हळूच म्हणाली, 'तूच सांगं व्हतं ना वं माले? शिंदीखाले पेटी शे म्हनीसन?'

रागाने नाही, हो. चिडून नाही. हिशेब चुकला की माणूस परत विचारतं, तसं.

मी म्हटलं, 'नही. मी नही सांगं.'

चारच शब्द होते, पटकन निघाले. माझं भगोणं तिने स्वतःवर घेतलं होतं, आणि मला माझंही माझ्यावर घेता आलं नाही. पुस्तकात नाही आणि धाकटीने सांगितलं नाही, तर मग मथुराला सांगितलं कोणी? जमिनीतल्या धनाला राखणदार असतो, तो माणसाच्या आवाजात हाक मारतो, असं आमच्याकडे सगळे मानत. त्यानेच हाक मारली, ठरलं. कोणाच्या आवाजात, असं भूत उतरवायला बोलावलेल्या भगताने विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, हिच्या आवाजात. बायांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला. कारण तो आवाज माझाच होता, आणि आता तो भुताचा झाला होता.

बाधा झालेली बाई घरात ठेवायची नाही, म्हणून आठवड्याच्या आत गाडीत गवत घालून तिला माहेरी, कळसाडीला पाठवली. ती जाताना मी चुलीपाशी होते. बाहेर आले नाही. वर्षभरात जेठांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, दुसरी केली. नवी जाऊ चांगली होती, मला तिचा चेहरा बघवायचा नाही.

एवढ्यावर थांबले असते तर म्हणता आलं असतं — अठरा-एकोणीस वर्षांची पोर, घाबरली. पण मला दुसऱ्यांदा संधी मिळाली. ती ऐका.

सातआठ वर्षं गेली. मला मुलं झाली, घरात माझा शब्द चालायला लागला, आत्याबाई थकल्या. कळसाडीला नात्यातलं लग्न निघालं. मांडवामागे बाया शेवया वळत बसल्या होत्या, आणि त्यांच्या मध्ये मथुराबाई. एक पाय पसरलेला, शेजारी काठी. केस पिकले होते. हात शेवया वळत होते आणि ती त्यांना गोष्ट सांगत होती — माझी गोष्ट. तांडेल, नकाशा, विधवेचा मुलगा, सगळं. मी सांगितलं होतं त्यापेक्षा चांगलं. बाया तांडेलाला शिव्या घालत होत्या. मी खांबाला धरून उभी राहिले. कुदळ ठण्णकन आदळली, इथपर्यंत ती आली आणि थांबली. कोणीतरी म्हणालं, मग?

ती हसली. तेच हसणं, पण शेजारच्या घरात जाईल असं राहिलं नव्हतं. म्हणाली, 'शेवट माले बरोबर आयकू नही उना. मन्हाच कान खोटा.' आणि मान वर करून तिने मला पाहिलं. चेहरा उजळला तिचा! 'हाई देखा मन्ही देराणी. तिले इचारा. ती पोथी वाचेल शे.'

इथे मला कोण घालवून देणार होतं? कोणी नाही. माझं काय जाणार होतं? काही नाही. तिला जवळ घेऊन एवढंच म्हणायचं होतं, मथुराबाई, तुमचा कान खोटा नव्हता. दहा बाया बघत होत्या. तीच भीती पुन्हा अंगात शिरली.

मी बसले. पीठ हातात घेतलं. आणि पेटी बेटावरच सापडली, तांडेल बुडाला, मुलगा जहाजाने आईकडे गेला — सगळं पुन्हा सांगितलं. मथुराबाई मन लावून ऐकत होती. जिथे तिच्या मनातला शेवट वेगळा होता तिथे ती दरवेळी मान हलवायची आणि स्वतःशीच 'हां' म्हणायची, धडा दुरुस्त करून घेतल्यासारखी. संपल्यावर तिने माझ्या हातावर पिठाचा हात ठेवला आणि विचारलं, सुरतेला जाऊन आलीस का, समुद्र पाहिलास का.

मी पाहिला होता. मुलांना घेऊन गेले होते. मी नाही म्हटलं.

पुढल्या उन्हाळ्यात ती वारली. पुस्तक अजून माझ्या पेटीत आहे. 'आणि'पाशी त्या दिवशीचं कुंकू लागलेलं आहे.

मथुराबाई, तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं. शिंदीखाली पेटी आहे, असं मीच सांगितलं होतं.