विहिरीत ठेवलेली हलगी

फौजेतून निवृत्त होऊन गावी आलो, पण मला बसता येत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं इंजिनिअर पलटणीत काढली. पूल बांधले, सुरुंग पेरले आणि त्याहून जास्त काढले. आता म्हसवडपासून थोडं आत आमची डाळिंबाची बाग, दोन म्हशी आणि एक विहीर. एवढ्यात माणसानं निवांत व्हायला हवं. मी मात्र जेवताना मध्येच उठायचो, बागेत चक्कर मारून यायचो आणि गार झालेली भाकरी खायचो.

"आवं, ताटावरनं किती येळा उठताय?" बायको म्हणायची. "अन्नाला तरी वाटू द्या, घरात माणूस हाय म्हणून."

माझ्या चुलत भावाची विहीर बांधाच्या पलीकडे, साठ पावलांवर. गेल्या उन्हाळ्यात तिनं तळ गाठला, तेव्हा त्यानं आडवं बोअर मारायला मशीन आणलं. मशीन विहिरीच्या तळाशी उतरवायचं आणि खडकातून आडवं भोक पाडत न्यायचं, झरा लागेपर्यंत. आमच्याकडे बरेच जण असं करतात. चार दिवस काम चाललं, मग आवाज थांबला. निदान सगळे म्हणत होते की थांबला.

मला मात्र तो ऐकू येत होता. आधी बारीक घर्र, मग ठक, ठक. पहाटे ऐकू यायचा, भर दुपारी यायचा. मी जमिनीला कान लावून पाहिला. माझी खात्री झाली, हा बाबा माझ्या रानाखालून माझ्या विहिरीकडे भोक आणतोय.

एके दिवशी सकाळी डेअरीत दूध घालायला गेलो तिथं, चारचौघांत, मी त्याला धरलं.

"माझ्या जमिनीत शिरलास न्हवं?"

"मशीन जाऊन आठ दिस झालं गड्या," तो म्हणाला. "यीऊन बघ की."

"बघायचं कशाला? मी ऐकतोय."

"मंग आमास्नी का ऐकू यीना?"

लोक हसले. तो हसला नाही. त्याचा चेहरा उतरला, तो कॅन उचलून निघून गेला. आम्ही एका वर्गात शिकलेली, एकाच विहिरीत पोहायला शिकलेली माणसं. पण मला त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्या घर्र आवाजाची काळजी जास्त होती.

तेव्हा मला ट्रेनिंगमधली एक गोष्ट आठवली. आमचे एक उस्ताद सुरुंगाचा धडा शिकवताना ती सांगायचे. पाचशे वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रात रोड्स नावाच्या बेटावर एक किल्ला होता. सुलतानाच्या फौजेनं त्याला वेढा घातला. तटाखाली भुयारं खणायची, त्यात दारू भरायची आणि तट उडवायचा, असा त्यांचा डाव. किल्ल्यात एक इटालियन इंजिनिअर होता. त्यानं पातळ कातडं ताणून ढोल बनवले, त्यांना बारीक घुंगरं लावली आणि तटाच्या आत चर खणून ठिकठिकाणी ठेवले. खाली कुदळ पडली की कातडं थरथरायचं, घुंगरं वाजायची. मग हा समोरून भुयार खणून शत्रूच्या भुयारात शिरायचा.

सांगलीला माझी मुलगी कॉलेजात इतिहास शिकवते. तिला फोन करून मी त्या इंजिनिअरची चौकशी केली. तिनं दोन दिवसांनी वाचून सगळं सांगितलं.

"पप्पा, तो क्रीट बेटावर किल्ल्यांच्या कामावर होता. चांगली नोकरी होती. तिथून जायला वरिष्ठांची बंदी होती, तरी गुपचूप बोटीत बसून वेढ्यात जाऊन पडला. तटावर असताना डोळ्यात गोळी लागली, एक डोळा गेला. बरा झाला आणि परत तटावर!"

"मग किल्ला वाचला?"

"नाही. शेवटी तह करून सोडावा लागला. पण हा थांबला नाही. दुसऱ्या राजाकडे गेला, तोफखान्याचा सेनापती झाला, कैद झाला, सुटला, पुन्हा लढाया. पप्पा, ह्या माणसाला घरी बसवतच नव्हतं का हो?"

मी म्हणालो, "मला फक्त ढोलाचं सांग. कातडं कशाचं होतं?"

म्हसवडला हलग्या-ढोलक्या दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा आहेत. त्यांच्याकडं गेलो आणि पातळ कातड्याची हलगी मागितली.

"वाजवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"वाजवायची नाही. ऐकायची आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "ओलीला ठेवू नका. कातडं ढिलं पडतं. मग ते काय पण सांगतंय."

म्हणून विहिरीत नेण्याआधी मी ती उसाच्या पाचटाच्या जाळावर टणक शेकून घेतली. विहिरीच्या पायऱ्या संपतात तिथल्या कोरड्या खडकावर ठेवली, वर मूठभर मूग टाकले. मग बायकोला बांधावर पाठवून जमिनीवर पहार आपटायला लावली. प्रत्येक घावाला मूग टुणकन उडत होते. पाचशे वर्षांपूर्वीची युक्ती माणदेशातही चालत होती. मला एवढा आनंद झाला की मी तिला दहा-बारा वेळा पहार आपटायला लावली.

"आता खाली ये," मी ओरडलो. "साक्षीदार पायजे."

ती येऊन शेजारी बसली. आम्ही वाट पाहिली. थोड्या वेळानं आवाज सुरू झाला.

"आला बघ! ऐकू येतंय?"

"काय?"

"घर्र करतंय ते. आता ठक, ठक. मूग बघ!"

"मूग जागच्या जागी हाईत."

मी वाकून पाहिलं. कानात आवाज चांगला मोठा होता आणि हिरवे दाणे कातड्यावर गप्प पडले होते. बायकोनं कातड्यावर तळवा ठेवला, काढला. मग ती हलगीकडं न बघता माझ्याकडं बघत राहिली.

"आवं, कवापास्नं ऐकू येतंय तुमास्नी?"

मी म्हणणार होतो, मशीन आल्यापासून. पण ते खरं नव्हतं. शेवटच्या पोस्टिंगवरही हा घर्र होता. तिथं मी त्याला जनरेटर समजत होतो.

पुढच्या आठवड्यात मुलगी मला मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले. सुरुंग शोधायच्या यंत्राचे असेच हेडफोन मी वर्षानुवर्षं लावले होते, त्यामुळं हात आपोआप छातीशी गेले, त्या यंत्राची काठी धरल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, स्फोटांनी आतली नस दुखावली आहे, आवाज कानच तयार करतो. तो पूर्ण जाईल असं सांगता येत नाही. सवय करून घ्यावी लागेल. मुलगी परतीच्या वाटेवर माझा हात धरून होती आणि मी दोनदा गाडी थांबवायला लावली. खाली उतरून चक्कर मारून आलो.

गावात उतरलो ते थेट भावाच्या विहिरीवर. तो काठावर बसला होता.

"चूक माझी," मी म्हणालो. "आवाज माझ्या कानात हाय. तुझ्या विहिरीत न्हाई."

तो म्हणाला, "चारचौघांत म्हनलास रं."

"चारचौघांत माफी मागतो."

"ऱ्हाऊ दे." तो उठला. "भोक पूर्वेला मारलं. नुसती धूळ निघाली. पैसं पान्यात म्हनायला पानी बी न्हाई."

मी खाली उतरलो. भोकाच्या तोंडाशी काळा पाषाण होता, नुसता ठणठणीत. पश्चिमेच्या अंगाला मात्र ठिसूळ, पाणी धरणारा मांजऱ्या खडक दिसत होता. मी हात लावून पाहिला. गार होता.

"पाणी हिकडं हाय," मी म्हणालो.

"ठाऊक हाय मला," तो वरून म्हणाला. "पर तिकडं तुझं रान हाय."

म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं आणि तरी त्यानं मशीन पूर्वेला लावलं होतं. मी त्या खडकावर हात ठेवून उभा राहिलो.

"मशीन बोलाव," शेवटी म्हणालो. "बांधाच्या पुढं, माझ्या रानात वीस फूट. त्यापेक्षा एक बोट जास्त न्हाई. मी मोजायला उभा ऱ्हातो."

तीन दिवस मी खाली उभा राहून रॉडवर खडूनं खुणा केल्या. चौथ्या दिवशी बोटाएवढी गढूळ धार लागली. भावानं ओंजळ भरली आणि आधी माझ्यापुढं धरली. त्या वीस फुटांमुळं माझ्या विहिरीचं पाणी हातभर उतरलं की नाही, ह्यावर आम्ही दोघं अजून भांडतो.